हम घालवायची डबी घेतली: स्पीकरची घूं गेली, रेकॉर्डिंगमधली नाही गेली

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात घराच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे, स्टुडिओ म्हणजे काय तर एक लॅपटॉप, दोन इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपात घालायचा डबा), दोन मॉनिटर स्पीकर अन् भिंतीले ठोकलेल्या जुन्या गाद्या. भजनी मंडळं येतात, खताच्या दुकानाची ऑटोवर फिरवायची जाहिरात करतो, निवडणूक लागली की प्रचाराची गाणी, भागून जाते. मागच्या वर्षी मोझरीच्या तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सवाच्या आधी एक खंजिरीवालं मंडळ आलं, दोन भजनं रेकॉर्ड केली, ऐकवली, तर त्यातले एक काका म्हणे, "बावा, भजन तं मस्त झालं, पण मांगं हा मोटरपंप कोनाचा चालून राह्यला?" पंप कुठला अन् काय, हम होता तो, म्हणजे लाइटच्या लाइनीची आवाजात शिरलेली घूं. मले तर सवय होऊन गेली होती म्हणून ऐकूच येत नव्हता.

त्याच रात्री ऑनलाइन ही डबी मागवली, ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात तिले, 2100 रुपये. दोन चॅनलची, हाताच्या मुठीएवढी, लोखंडी बॉडी, लाइटचा पिन वगैरे काही नाही, नुसतं एका बाजूनं आत अन् दुसऱ्या बाजूनं बाहेर. कुरिअर गावात येत नाही, आर्वीले जाऊन घेतली. हातात घेतली की वजन लागते, म्हणजे आत खरोखर ट्रान्सफॉर्मर आहेत. दोन चॅनलले दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, आवाज चुंबकाच्या वाटेनं पलीकडे जाते, तारेले तार लागतच नाही, म्हणून लॅपटॉप अन् स्पीकर यांच्या अर्थिंगचा जो गोल फेरा तयार होते, ज्याले ग्राउंड लूप म्हणतात, तो तिथंच तुटते. एवढंच काम आहे तिचं.

अन् ते काम ती बरोबर करते, हे मी छातीठोक सांगतो. इंटरफेस अन् मॉनिटर स्पीकरच्या मधात लावली, स्पीकरची घूं बंद. आधी माउस हलवला की स्पीकरमधून किर्र किर्र यायचं तेही गेलं. मी खूश, लगेच मंडळाले फोन करून बोलावलं, परत रेकॉर्डिंग केलं, अन् हेडफोनवर ऐकलं तर घूं जागच्या जागी!

इथं माझी अक्कल कमी पडली, म्हणून तुम्हाले सांगतो. डबी मागवायच्या आधी एक गोष्ट बघा, हम फक्त स्पीकरमधून येते का रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्ये पण आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, स्पीकरचा हम गेला तर तो लूपचा, अन् अशा हमासाठीच ही डबी आहे. फाइलमध्ये हम असला तर तो माइकच्या बाजूनं आत शिरून राहिला, तिथं स्पीकरच्या तोंडाशी लावलेली डबी काय करणार.

काही जण म्हणतील सॉफ्टवेअरमध्ये 50 हर्ट्झ कापून टाक. कापलं ना. आपल्या लाइनीची घूं 50 ची असते खरी, पण तिच्यासोबत 100, 150, 200 असे तिचे सगळे सोयरे येतात अन् ते पुरुषाच्या आवाजातच येऊन बसतात, ते कापले की काका सर्दी झाल्यासारखे गातात, अन् डग्ग्याचा दम जाते तो वेगळाच.

मग एकेक शोधत बसलो. माइकची केबल पहिली चोर निघाली, माइककडून तीन टोकांची कॅनन पिन (एक्सएलआर) अन् इंटरफेसकडून पी-38 मोनो जॅक, बाजारात रेडीमेड मिळते ती, अशी केबल बाहेरची घूं ओढते, अन् वीस फूट लांब, पंख्याच्या वायरीसोबत भिंतीनं फिरवलेली. दोन्हीकडून कॅननवाली आणली, अर्धा हम तिथंच गेला. उरली ती घूं नव्हती, झर्रर होती, बारीक. पंख्याचं बटण फिरवलं की ती पण बदलायची, म्हणजे दुसरा चोर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. आता रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा पूर्ण बंद, मे महिन्यात घामाच्या धारा लागतात पण इलाज नाही. लाइट गेली की इन्व्हर्टरवर हीच झर्र परत येते, माझा जुना स्क्वेअर वेव्हवाला आहे, त्याचा करंट लाइनीसारखा गुळगुळीत नसते, म्हणून लाइट गेली की चहा.

तरी एक झिणझिण राहिलीच, अन् ती नुसती कानाले नाही. एक दिवस माइक तपासताना जाळी ओठाले लागली अन् मुंग्या आल्या. मग घाबरलो. इलेक्ट्रिशियन बोलावला, उद्या येतो म्हणून चौथ्या दिवशी आला, पण आला तर कामाचा माणूस. मीटर लावला, न्यूट्रल अन् अर्थिंगमध्ये 96 व्होल्ट! अर्थिंगची तार धरून धरून अंगणात गेला, ती बांधली होती नळाच्या लोखंडी पाइपाले, वडिलांनी घर बांधलं तेव्हाची. अन् पाइप दोन वर्षांआधी बदलला, खाली सगळा प्लास्टिक. तो तार हातात धरून माझ्याकडे बघत हासला अन् म्हणे, "भाऊ, तुमची अर्थिंग हवेत लटकून राह्यली." व्हिडिओत सांगतात ना की हम येत असला तर प्लगची तिसरी पिन काढून टाका, ते चुकूनही करू नका, माझी तर पिन असून नसल्यासारखीच होती अन् करंट सरळ ओठाले आला.

आठ फूट खड्डा, जीआय पाइप, कोळसा अन् जाडं मीठ, मजुरी धरून 3200 लागले. काळ्या मातीत ओल असली की अर्थिंग एक नंबर लागते, पण उन्हाळ्यात तीच माती हात जाईल एवढी भेगाळते अन् पाइप सोडते, म्हणून मार्चपासून खड्ड्यात रोज संध्याकाळी एक बादली पाणी. आई म्हणते, "तुळशीले तं कधी टाकलं नाही." आता मीटरवर 2 व्होल्टच्या आत, ओठाले काही लागत नाही, अन् हेडफोनमध्ये जी शांतता आहे तिच्यात शेजारची कोंबडी रेकॉर्ड होते.

तर डबीले पाचापैकी साडेतीन. अर्धा कापला तो बाससाठी, आवाज जोरात ठेवला की डग्ग्याचा खालचा घुमारा थोडा फाटते, छोट्या ट्रान्सफॉर्मरले तेवढं पेलवत नाही. एक पूर्ण यासाठी कापला की पॅकिंगवर सगळा हम घालवतो असं छापलंय. अन् एक गंमत, मी ती आधी स्टॅबिलायझरवर ठेवली होती तर घूं परत आली, डबीच स्टॅबिलायझरचं चुंबक ओढून राहिली होती. हातभर बाजूले सरकवली, गप. अर्थिंग करून घेतल्यावर एकदा डबी काढूनही बघितली, स्पीकरमध्ये हलकी घूं येतेच, म्हणून ठेवली आहे.

केबल सोबत येत नाहीत, चार लागतात, त्या वेगळ्या मागवा.