आब्लारा की आब्लासे? स्पॅनिशमधलं कोणतं रूप पाठ करावं

स्पॅनिश शिकताना 'असतं तर'पाशी पोचलं की एकाच क्रियापदाची दोन रूपं समोर येतात. 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्याचं 'आब्लारा'ही होतं आणि 'आब्लासे'ही. अर्थ तोच. मग दोन्ही घोकायची का? माझं मत विचाराल तर 'रा' तोंडात बसवा, 'से' वाचताना ओळखता आलं की पुरे.

बनवायला दोन्ही सारखीच. भूतकाळातलं 'ते बोलले' म्हणजे 'आब्लारोन' घ्या, शेवटचं 'रोन' काढा. उरलेल्या 'आब्ला'ला रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावा, नाहीतर से, सेस, से, सेमोस, सेइस, सेन. खाण्याचं 'कोमिएरोन', म्हणून कोमिएरा, कोमिएसे. ही युक्ती अनियमित क्रियापदांनाही चालते, एकही अपवाद नाही: 'तेनेर' म्हणजे जवळ असणे, त्याचं 'तुबिएरोन', म्हणून 'तुबिएरा'.

वापरात मात्र पारडं 'रा'कडे झुकतं. लॅटिन अमेरिकेत बोलताना जवळपास सगळीकडे 'रा'च ऐकू येतं. स्पेनमध्ये 'से' जिवंत आहे, पण तिथेही 'रा' जास्त. 'से' लिखाणात अधिक भेटतं. शिवाय कॅफेत नम्रपणे कॉफी मागायची तर 'किसिएरा उन काफे' असंच म्हणतात. तिथे 'किसिएसे' चालत नाही.

'से'ची एक बाजू मात्र खरोखर भक्कम आहे. 'आब्लारा'त जोर 'ब्ला'वर असतो. तोच शेवटच्या 'रा'वर गेला की अर्थ होतो 'तो बोलेल', सरळ भविष्यकाळ! आपल्या मराठी कानाला आघाताची सवय नाही, त्यामुळे इथे हमखास घसरायला होतं. 'आब्लासे'त ही भानगडच नाही. तरी या एका कारणासाठी 'से' धरू नका. जोर देऊन मोठ्याने म्हणायची सवय लावा, ती पुढे सगळीकडे कामी येते.

रूप कोणतंही निवडा, मराठी वाक्य जसंच्या तसं उतरवू नका. 'पैसे असते तर घर घेतलं असतं' यात आपण दोन्हीकडे 'असतं'च वापरतो. स्पॅनिशमध्ये 'सि तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारिआ उना कासा': 'रा' किंवा 'से' फक्त 'जर'च्या बाजूला, पलीकडे वेगळं रूप. 'सि' म्हणजे 'जर'नंतर 'तेनेर'चं हे पलीकडचं रूप, 'तेन्द्रिआ', लिहिलंत तर परीक्षेत गुण जातील. 'रा'ऐवजी 'से' लिहिलंत म्हणून कोणी कापणार नाही.