बॅटरीचे नवे झाकण: सहा खटके आणि एक झडप

ज्या स्पोर्ट्स कारमध्ये बसायला महिन्यातून फार तर दोनदा सवड मिळते, तिच्या मालकाला इंजिनापेक्षा बॅटरीची काळजी अधिक करावी लागते. माझ्या गाडीचे इंजिन आसनांच्या मागे आहे आणि बॅटरी पुढच्या डिकीत, काचेच्या पायथ्याशी असलेल्या खोबणीत बसवलेली आहे. तिच्यावरचे मूळ झाकण एकसंध प्लास्टिकचे असून ते सहा खटक्यांनी आणि कडेच्या रबरी पट्टीखाली दाबून बसवलेले होते. चार्जर लावायचा म्हटले की डिकीतले सामान बाहेर काढणे, गालिचा उचलणे, रबरी पट्टी सोडवणे, सहाही खटके फिरवणे आणि मग ते परातीएवढे झाकण काचेवर ओरखडा न उमटवता बाहेर काढणे असा क्रम होता. दोन वर्षांत दोन खटके तुटले आणि प्रत्येक वेळी ‘पुढच्या रविवारी लावू’ असे म्हणत मी बॅटरी उतरू दिली. शेवटी झडप असलेले तयार झाकण मागवले. चार महिने ते वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

बॅटरी अशा आडवळणी ठेवण्याला कारण आहे. शिसे-आम्लाची बॅटरी पंधरा ते वीस किलो भरते आणि एवढे वजन कोठे ठेवले यावर पुढच्या-मागच्या चाकांवरील भाराची वाटणी बदलते. माझदाच्या एमएक्स-5 या दोन आसनी गाडीच्या पहिल्या पिढीत इंजिन पुढे असूनही बॅटरी मागच्या डिकीत होती, ती काही गंमत म्हणून नव्हे. शिवाय इंजिनाच्या उष्णतेपासून दूर राहिलेली बॅटरी जास्त टिकते. अभियंत्यांचे हे गणित मला मान्य आहे. मात्र त्यांनी झाकण आखताना गाडी रोज चालेल असे गृहीत धरलेले दिसते.

गाडी उभी असतानाही चोर-घंटा, किल्लीचा संदेश टिपणारा भाग, घड्याळ आणि संगणकाची स्मृती थोडी थोडी वीज खात राहतात. हा प्रवाह 50 मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास आणि तीस दिवसांत 36 अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे 60 अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात अर्ध्याहून अधिक रिकामी होते. तिला तशीच ठेवली की पत्र्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि नंतर कितीही चार्ज केली तरी तिची धारणक्षमता पूर्ववत होत नाही. काही गाड्यांत तर याहून मोठी पंचाईत असते. पोर्शेच्या बॉक्स्टर आणि केमन या गाड्यांच्या 987 पिढीत पुढच्या डिकीचा खटका विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की जिच्यात बॅटरी आहे ती डिकीच उघडत नाही. त्यासाठी फ्यूजच्या पेटीत ओढून बाहेर काढता येणारे एक धन टोक दिलेले असते आणि तेथे बाहेरून बारा व्होल्ट देऊन डिकी उघडावी लागते. अशी गाडी बाळगणाऱ्याने बॅटरी उतरण्याची वाट पाहूच नये.

नव्या झाकणाचे दोन भाग आहेत. बाहेरची चौकट मूळच्याच सहा जागी बसते आणि ती पुन्हा काढावी लागत नाही. मधली झडप दोन बिजागऱ्यांवर उघडते आणि एका खटक्याने बंद होते. प्लास्टिक मूळच्यापेक्षा जाड आहे, पृष्ठभागाचा खरबरीतपणाही डिकीच्या आतल्या भागाशी इतका जुळतो की नवखा माणूस हे नंतर बसवले आहे असे म्हणणार नाही. चौकटीच्या कोपऱ्यात चार्जिंगचे सॉकेट आहे, त्यावर रबरी टोपण आहे, आणि सॉकेटपासून बॅटरीच्या टर्मिनलपर्यंत जाणारी फ्यूजसह वायर सोबत मिळते.

बसवायला मला दीड तास लागला आणि त्यातला बराचसा वेळ माहितीपत्रकाने खाल्ला. चित्रे लहान आहेत, आणि ज्या सूचना ठळक अक्षरांत हव्या होत्या त्या मुळी नाहीतच. टर्मिनल सोडवताना आधी ऋण आणि नंतर धन, जोडताना आधी धन आणि शेवटी ऋण, हा क्रम पत्रकात असायलाच हवा होता; कारण ऋण जोडलेले असताना धन टोकावरचा पाना चुकून बॉडीला टेकला, तर पानाच वितळू लागेल एवढा प्रवाह त्यातून वाहतो. दुसरी राहिलेली गोष्ट दारांची. चौकट नसलेल्या काचांच्या गाडीत दार उघडताना काच किंचित खाली सरकते आणि दार लावल्यावर पुन्हा वर जाते. बॅटरी सोडवली की हे घडत नाही आणि दार ओढले तर काच रबरात अडकते. त्यामुळे काम सुरू करण्याआधी दोन्ही काचा खाली घ्याव्यात आणि काम संपेपर्यंत पुढची डिकी उघडीच ठेवावी. वीज परत आल्यावर काचांना त्यांच्या वरच्या-खालच्या मर्यादा पुन्हा शिकवाव्या लागल्या, ते वेगळेच.

चौकट पाच जागी चपखल बसली, पण उजव्या कोपऱ्यात वायरींचा जुडगा आडवा येत असल्याने दोन मिलिमीटर उचललेली राहिली. तिथली आतली कड कानशीने घासल्यावर ती बसली. एवढी घासाघीस मी दोष मानत नाही. चार्जिंगच्या वायरीचे मात्र तसे म्हणता येणार नाही.

या वायरीतला फ्यूज सॉकेटच्या जवळ दिलेला आहे, म्हणजे बॅटरीपासून जवळजवळ हातभर लांब. फ्यूज रक्षण करतो तो त्याच्या पुढच्या वायरीचे. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा संरक्षणाविनाच राहतो. तो तुकडा पत्र्याच्या धारेवर घासून सोलला गेला, तर शेकडो अँपिअर देऊ शकणारी बॅटरी त्या बारीक वायरीत रिकामी होऊ लागेल, वायर लाल होईल आणि फ्यूज शाबूत राहील. मी वायर कापली, फ्यूज धन टोकापासून चार बोटांवर आणला, आणि मूळच्या 15 अँपिअरच्या जागी 7.5 चा घातला, कारण माझा चार्जर 5 अँपिअरचाच आहे. ज्याला असे काम करता येत नाही त्याने ते जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, पण आहे तसे सोडू नये. नीट आखलेल्या वस्तूत नेमकी ही चूक राहावी याचे मला आश्चर्य वाटले.

ऋण वायरीचे कडे थेट बॅटरीच्या टोकावर बसवावे असे पत्रक सांगते. जुन्या गाड्यांत ते चालेल. परंतु अलीकडच्या अनेक गाड्यांत ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा संवेदक असतो, आणि बॅटरीत किती वीज गेली व किती आली याचा हिशेब गाडीचा संगणक त्याच्यावरून ठेवतो. चार्जर संवेदकाला वगळून थेट बॅटरीच्या टोकावर जोडला तर भरलेली वीज हिशेबात येत नाही आणि संगणक बॅटरी अर्धवट भरलेली समजून वागतो. माझ्या गाडीत असा संवेदक असल्याने मी ते कडे बॉडीच्या अर्थ-बोल्टवर घेतले.

मूळ झाकणाच्या कडेला हवेसाठी खाच होती, तशी नव्या चौकटीतही ठेवलेली पाहून बरे वाटले. चार्ज होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. माझी बॅटरी एजीएम, म्हणजे काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवलेली बंद प्रकारची आहे. अशा बॅटरीत वायू आतल्या आत पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो, तरी अतिचार्ज झाल्यास बॅटरीची स्वतःची दाब सोडणारी झडपही उघडते. बॅटरीच्या बाजूला लावलेली वायूची नळी चौकट बसवताना माझ्या हाताने निसटली होती. ती परत खोचली आहे ना, हे बोट घालून तपासावे.

आता रोजच्या वापराविषयी. डिकी उघडायची, टोपण काढायचे, चार्जरची पिन खोचायची, एवढेच काम उरले आहे. गाडी आठवड्याहून अधिक उभी राहणार असेल तर मी चार्जर लावूनच ठेवतो. तो एजीएमच्या टप्प्यात 14.7 व्होल्टपर्यंत चढतो आणि बॅटरी भरल्यावर 13.6 च्या आसपास स्थिरावतो. मला अधिक उपयोग झाला तो झडपेचा. पूर्वी मल्टीमीटर लावण्याचा विचारही नको वाटे. आता सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, मिनिटभरात व्होल्टेज पाहता येते. पूर्ण भरलेली एजीएम 12.8 च्या वर दिसायला हवी आणि 12.4 दिसले की बराच ऐवज संपलेला असतो. गाडी चालवून आल्याबरोबर केलेली मोजणी मात्र फसवी असते, कारण चार्जिंगमुळे तात्पुरते चढलेले व्होल्टेज उतरायला काही तास जावे लागतात. याच मोजणीमुळे मला उमगले की गाडी उभी असताना माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त वीज जात होती. कारण निघाले डॅशबोर्डवर मीच कधी काळी बसवलेला कॅमेरा.

पाण्याची परीक्षा मी दोन तांबे पाणी ओतून घेतली. झडपेची कड कोरडी राहिली, बिजागरीपाशी दोन थेंब आत आले. खोबणीतल्या निचऱ्याच्या भोकांत पाने अडकलेली नसतील तर एवढ्याने काही बिघडत नाही. खरा त्रास बिजागऱ्यांच्या दिशेचा आहे: त्या काचेच्या बाजूला असल्याने झडप पुरती उलटत नाही, अर्ध्याहून थोडी अधिक उघडून अडते आणि हात आत असताना खाली येते. आधाराची एक बारीक काडी दिली असती तर हे टळले असते. मी सध्या तिथे कपड्यांचा लाकडी चिमटा लावतो.

रोज गाडी चालवणाऱ्याला याची गरज नाही. ज्याला केवळ चार्जर लावायचा आहे आणि बॅटरीपर्यंत हात पोहोचवायचा नाही, त्यानेही एक बरी, फ्यूज योग्य जागी असलेली चार्जिंगची वायर घेऊन ती मूळ झाकणाच्या कडेने बाहेर काढावी. निम्मे काम तेवढ्याने होते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चार्ज करण्याचा मार्ग सुचवला जातो, पण किल्ली काढल्यावर ते सॉकेट बंद होत असेल तर त्याचा उपयोग नाही. लिथियम बॅटरी बसवलेल्यांना झाकण चालेल, चार्जर मात्र त्या रसायनासाठी बनवलेलाच हवा.

खडबडीत रस्त्यावर झडपेचा खटका किणकिणत असे. त्याच्या आतल्या बाजूला नमद्याची पट्टी चिकटवल्यापासून आवाज थांबला आहे. मूळ झाकण आणि शिल्लक राहिलेले चार खटके मी बांधून माळ्यावर ठेवले आहेत, कारण गाडी विकायची वेळ आली तर घेणारा ते मागणार.