आधी रक्त, मग औषध: मिरजेतल्या हॉस्पिटलला चार स्टार

पेशंट माझी आई, वय ५८, तासगाव. सव्वा महिना ताप. गावाकडं दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडं पाच-पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या. गोळ्या चालू असल्या की ताप उतरायचा, संपल्या की चौथ्या दिवशी थंडी वाजून परत हजर. द्राक्षबागेत थिनिंग (घडातले जादा मणी काढणं) चाललेलं, म्हणून आम्हीही 'उद्या बघू' करत राहिलो. चूक आमचीच.

मिरज म्हणजे आरोग्यपंढरी, पण पंढरी म्हटली की बडवे आलेच, अशी धास्ती होती. इथल्या डॉक्टरांनी फाईल बाजूला सारून आधी आईचे हात बघितले. नखांखाली काळपट बारीक रेघा. आई म्हणाली, "काडी टोचली असंल." ते म्हणाले, "सहा बोटांत एकदम? आक्का, आता तोंड उघडा." खालची दाढ पार पोखरलेली.

अंगात १०२ ताप, तरी अँटिबायोटिक लावेनात. मी चिडलो. सिस्टरनी समजावलं की औषधानं जंतू दबले तर कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या) बाटलीत उगवत नाहीत, मग उपचार अंदाजानं करावा लागतो. वेगवेगळ्या जागांवरून तीनदा रक्त घेतलं, मगच सलाईनमधून अँटिबायोटिक लावलं. कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस निघाला, तोंडातला जंतू.

नखांतल्या रेघा आणि हा जंतू, म्हणजे हृदयात इन्फेक्शनचा संशय, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. त्यात हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेवर हलणारा गोळा दिसला. जंतूंचा थर, गुठळी की गाठ, ते छातीवरून कळेना. अन्ननलिकेतून नळी घालून इको केला तेव्हा गाठीचा देठ दिसला. डॉक्टर म्हणाले, "मिक्झोमा, म्हणजे हृदयातली गाठ वाटतेय, त्यात इन्फेक्शन. पण मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही." माझा विश्वास बसला तो इथं. ही गाठ बहुतेकदा डाव्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला असते, झडपेवर क्वचित. कॅन्सर नव्हे, पण तुकडा सुटून मेंदूत गेला की लकवा. म्हणून औषधाचा कोर्स पुरा व्हायची वाट न बघता ऑपरेशन केलं.

सर्जननी बरणी दाखवली. मणी सोलल्यावर गर निघतो तसं लिबलिबीत, एका कडेला गढूळ पिवळं. झडप बदलावी लागली नाही, दुरुस्तीवर भागलं. रिपोर्ट आला: मिक्झोमाच, आत जंतूंचे पुंजके.

मग सहा आठवडे सेफ्ट्रायॲक्सोन हे अँटिबायोटिक, रोज एकदा शिरेतून. दाढही काढली. यापुढं दात काढायचा झाला तर तासभर आधी अँटिबायोटिक घ्यायचं, हे कार्डावर लाल पेनानं लिहून दिलंय.

एक स्टार कापला तो सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरपायी. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावात एका वेलांटीचा फरक, त्यापायी दोन दिवस चकरा. कॅन्टीनच्या आमटीबद्दल बोलत नाही.

गाठ परत येऊ शकते, म्हणून दरवर्षी इकोला बोलावलंय. आई विचारत होती, छाटणीच्या आधी जायचं का नंतर.