रक्तगटाचा संच: तीन बाटल्या, आणि हवी असलेली चौथी

अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी: रक्तपेशींवरचे ए, बी आणि डी (आरएच) प्रतिजन, म्हणजे गट ठरवणाऱ्या खुणा, ओळखणारे प्रतिपिंडांचे द्रव. खूण असेल तर रक्ताच्या गुठळ्या होतात. प्रत्येकी 10 मिली. नर्सिंग आणि डीएमएलटीच्या (प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेच्या) प्रात्यक्षिकाला हाच संच सगळीकडे मागवतात. एका बाटलीतून साधारण 200 थेंब निघतात, म्हणजे साठ जणांचा वर्ग आरामात उरकतो. रक्तगट शिकवायला उत्तम. आनुवंशिकता शिकवायला मात्र अर्धाच.

जमेची बाजू आधी. एबी गटाचं रक्त निळ्या अँटी-एमध्ये आणि पिवळ्या अँटी-बीमध्येही लाल रव्यासारख्या गुठळ्या धरतं. सहप्रभावी अलील (एकाच जनुकाची दोन रूपं, दोन्हींचा परिणाम एकत्र दिसणारी) दाखवायला याहून सोपं काही नाही. ए अलीलचं एन्झाइम तांबड्या पेशीवरच्या एच प्रतिजनाला (ए आणि बीचा पाया असलेल्या खुणेला) एक शर्करा जोडतं, बीचं दुसरी. ओ अलीलचं एन्झाइम निकामीच असतं. अप्रभावी म्हणजे नेमकं काय, हे मुलांना इथे पटकन कळतं.

गडबड होते ती हाताळणीत. बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या, पण वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला आणायच्या. थंडगार द्रवात खोट्या गुठळ्या दिसू शकतात. स्पिरिट पूर्ण वाळल्याशिवाय बोट टोचू नका, नाहीतर पेशी फुटतात. एक थेंब द्रव, तेवढंच रक्त, प्रत्येक वर्तुळाला नवी काडी. काचपट्टी हलवत राहा आणि दोन मिनिटांत निकाल वाचा. त्यानंतर कडा वाळतात आणि त्यालाच मुलं गुठळी समजतात. ड्रॉपरचं टोक रक्ताला लागलं तर ती बाटली बाद. अँटी-डीला काचपट्टीवर दुबळा डी (पेशीवर कमी प्रमाणात असलेला डी) सुटू शकतो, त्यामुळे ‘निगेटिव्ह’ लिहिताना जपून.

आता उणीव. संच फक्त बाह्यरूप, म्हणजे दिसणारा गट, सांगतो. ए गट दिसला तर जनुकरूप (आई-वडिलांकडून आलेल्या अलीलांची जोडी) एए की एओ, हे पट्टीवर कळत नाही, वंशावळ लागते. (वर्गात घरच्यांचे गट विचारून ती काढायला लावू नका, नसती प्रकरणं उघडी पडतात. काल्पनिक कुटुंब द्या: एओ आणि बीओ आई-वडील, चारही गटांची शक्यता प्रत्येकी 25 टक्के.)

दुसरी उणीव मोठी. बॉम्बे रक्तगट, 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला, या तीन बाटल्यांत सरळ ‘ओ’ दिसतो. त्यात एचच्या जनुकाचे दोन्ही अलील निकामी असतात. एच नाही, म्हणून ए किंवा बीचा अलील असूनही जोडायला जागाच नाही. अशा व्यक्तीला साधं ओ रक्तही चालत नाही, कारण तिच्या सीरममध्ये (रक्तातल्या पेशींविना उरलेल्या द्रवात) एचविरुद्धचं प्रतिपिंड, अँटी-एच, असतं.

म्हणून सोबत अँटी-एच लेक्टिनची (एच ओळखणाऱ्या वनस्पतिजन्य प्रथिनाची) छोटी बाटली मागवाच. ओ पेशी त्यात घट्ट गुठळी धरतात. बॉम्बे गटाच्या धरत नाहीत. लेक्टिन नसेल तर सीरम आणि ओ पेशी घेऊन उलटी तपासणी करा: साध्या ओ सीरमला काही होत नाही, बॉम्बेच्या सीरमला गुठळी दिसते.