सरडा सांभाळतो म्हणाला, पैसे घेतले आणि घराकडे फिरकलाच नाही, सांगली-मिरजकरांनो सावध राहा

ज्यांच्या घरी सरडा, कासव, पोपट असलं काही पाळलंय आणि सुट्टीत गावाला जाताना ते कुणाकडं तरी सोपवायचंय त्यांनी हे नीट वाचा. "घरी येऊन पेट सांभाळतो" म्हणणारा एक माणूस सांगलीत फिरतोय, त्याने आम्हाला फसवलं आणि आमचा मन्या मरता मरता वाचला.

मन्या म्हणजे व्हेल्ड कॅमेलिऑन जातीचा सरडा, मूळचा येमेन-सौदीकडचा, डोक्यावर उंच तुरा असतो तो. आपल्याकडं बांधावर दिसतो तो घोयरा वेगळा, तो पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मन्या परदेशी जातीचा आहे, 2022 ला कायदा बदलला त्यानंतर अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, 2024 ला त्याचे नियम आले आणि आम्ही नोंदणी करून घेतली. हे आधीच सांगतेय कारण पुढं त्याने ह्याच्यावरूनच धमकी दिली.

एप्रिलमध्ये नागपूरला नणंदेचं लग्न होतं. एवढ्या लांब, त्या उन्हात रेल्वेतनं मन्याला न्यायचं म्हणजे त्याचे हालच, म्हणून माणूस शोधला. ओळखीतल्या एकांनी ह्याचा नंबर दिला. आपण सर्पमित्र आहे म्हणाला, शिराळ्याकडचा आहे, लहानपणापासून साप हाताळतो, गळ्यात धामण घातलेले फोटो पाठवले. आता सांगली जिल्ह्यात शिराळा आणि साप म्हटलं की माणूस पटकन विश्वास ठेवतोच की, आणि तो नेमका त्याचाच फायदा घेतो. खरा सर्पमित्र साप पकडतो, वस्तीबाहेर नेऊन सोडतो, गळ्यात घालून फोटो काढत बसत नाही, आणि सरड्याला रोज पाणी-खाणं घालून सांभाळणं हे कामच वेगळं आहे. दुसरं म्हणजे त्याने काहीच विचारलं नाही. युव्हीबीची, म्हणजे उन्हासारखे किरण देणारी ट्यूब किती तास, बल्बखाली किती गरम असतं, रातकिड्यांना कॅल्शियम पावडर लावायची का, काही म्हणजे काही नाही. "ताई टेन्शन घेऊ नका, सगळं माहितीये" एवढंच. ज्याने एक जरी कॅमेलिऑन सांभाळलाय तो दहा प्रश्न विचारल्याशिवाय हो म्हणत नाही.

कारण हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरचे थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ पानांवर स्प्रे मारायचा, वर ठिबकत राहणारी बाटली भरून ठेवायची, एवढं नाही झालं तर भरल्या पिंजऱ्यात तो तहानेने मरतो. खायला एकाआड एक दिवस चार-पाच रातकिडे, आणि उरलेले बाहेर काढायचे, नाहीतर रात्री तेच त्याला चावतात. हे सगळं कागदावर लिहून फ्रीजवर लावलं होतं, 2000 रुपये ॲडव्हान्स फोनवरून पाठवला आणि किल्ली दिली.

रोज व्हिडिओ यायचा. मन्या जीभ काढून किडा पकडतोय, पानं ओली आहेत, सगळं छान. मग सोमवारी महावितरणचा मेसेज आला की आमच्या फीडरवर मेंटेनन्स आहे, सकाळी 9 ते 4 लाईट नाही. आणि ह्याचा 11 वाजता व्हिडिओ, "आत्ताच खाऊ घातलं ताई", त्यात पिंजऱ्यातला बल्ब लख्ख पेटलेला! आमच्याकडं इन्व्हर्टर नाही. मग मी जुने सगळे व्हिडिओ परत बघितले तर मन्याच्या पाठीवर कातीचा तोच तुकडा लोंबतोय, तसाच, सगळ्यात. ह्याची कात सुटायला लागली की एक-दोन दिवसांत सगळी निघून जाते हो, इतके दिवस तोच तुकडा कसा राहील. पहिल्याच दिवशी सगळं शूट करून ठेवलं आणि रोज एकेक पाठवत होता.

व्हिडिओ कॉल कर म्हटलं तर रेंज नाही म्हणाला. आणि संध्याकाळी त्याचाच फोन, मन्या सिरीयस आहे, डॉक्टरकडं आणलंय, इंजेक्शनचे 3500 लगेच पाठवा. पावतीचा फोटो पाठवला. नवऱ्याने घाबरून पैसे टाकले सुद्धा. मी पावती मोठी करून बघितली तर त्यावर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबरच नाही, आणि पशुवैद्यक परिषदेकडं नोंदणी असलेल्या प्रत्येक डॉक्टरला तो असतोच.

शेजारच्या काकूंकडं आमची दुसरी किल्ली असते, त्यांना फोन केला. काकूंना पालीची पण भीती वाटते. तरी गेल्या. म्हणाल्या, "अगं तो घरातच आहे की, कुठं नेलाय दवाखान्यात! काळा पडलाय बघ आणि डोळे आत गेलेत. आणि तू गेल्यापासनं एकदा सोडून कुणी आलेलं मी तरी बघितलं नाही." बाटली कोरडी, डब्यातले रातकिडे सगळे मेलेले. त्या माउलीने व्हिडिओ कॉलवर मी सांगेन तसं रात्री उशिरापर्यंत थोड्या थोड्या वेळाने स्प्रे मारला, हात थरथरत होते त्यांचे. त्यांच्यामुळे मन्या आहे.

त्या माणसाला जाब विचारला तर सूर एकदम बदलला. "सरडा पाळणं बेकायदेशीर आहे, फॉरेस्टला कळवू का?" लोक इथंच गप्प बसतात आणि त्याला ते माहितीये. मी म्हटलं कळव, नोंदणीचा कागद आहे माझ्याकडं. फोन कट, नंबर बंद.

लगेच 1930 ला फोन केला, ऑनलाईन पैशाची फसवणूक झाली की ह्या नंबरवर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त. आमचे 3500 होल्डवर गेलेत, 2000 चं काही कळलेलं नाही. परत आल्यावर घराचं कुलूप बदललं आणि पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीचं आहे. व्हिडिओ, पावती, चॅट, महावितरणचा मेसेज, सगळं जोडलंय.

आता कुणी सांभाळायला ठेवणार असाल तर रेकॉर्ड केलेला व्हिडिओ अजिबात धरू नका. रोज लाईव्ह कॉल, आणि कॉल चालू असताना त्याला सांगा, डावीकडच्या पानावर स्प्रे मार, बाटली दाखव, किडे मोज. जायच्या आधी एक अख्खा दिवस तुमच्यासमोर सगळं करून घ्या. दुसरी किल्ली शेजारी ठेवा. आणि दवाखान्याचे पैसे मागितले तर थेट डॉक्टरांशी बोलून दवाखान्यालाच द्या, मधल्या माणसाला नाही.

मन्याला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं, किडनीवर ताण आलाय म्हणाले, औषध चालू आहे, खायला लागलाय पण एक डोळा अजून नीट उघडत नाही. मिरजेतल्या एका पोपटवाल्या दादांना पण हीच पावती आली होती, फक्त प्राण्याचं नाव बदललेलं. ते पण तक्रार देतायत. तुमच्याकडं अशी पावती आली असेल तर डिलीट करू नका, लाज वाटून गप्प बसू नका, ती घेऊन पोलीस स्टेशनला जा, तक्रारी जास्त झाल्या तर तो लवकर सापडेल.