चार्ल्स कीन की फिल मे: आधी कोणाची रेघ गिरवावी?

दोघेही एकोणिसाव्या शतकातले इंग्रज व्यंगचित्रकार, लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे. चित्रकार म्हणून कीन मोठा, पण रेखाटन शिकताना सुरुवात फिल मेपासून करावी.

कीन (१८२३–१८९१) लाकडी ठसे कोरणाऱ्यांकडे उमेदवारी करून आलेला. शाई स्वतः तयार करी, आणि दूरच्या वस्तूंसाठी ती पातळ करी. मूळ चित्रात त्यामुळे अंतर आणि हवा दिसते. घोटाळा होई छपाईत. ठशावर रेघ उंच ठेवून भोवतालचं लाकूड कोरून काढतात. उरलेल्या रेघेला शाई लागते ती एकसारखी काळी. करडी रेघ उतरतच नाही, कोरणारा ती बारीक किंवा तुटक करून भागवी. म्हणून कीन छापील अंकावरून अभ्यासू नये, मूळ रेखाटनं पाहावीत.

मे (१८६४–१९०३) सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकात गाजून आला. आधी भरगच्च रेखाटन, मग नको त्या रेघा गाळणं, ही त्याची रीत. उरे ती निखळ काळी रेघ, छपाईसाठी फोटोने जस्तावर उतरवून आम्लाने कोरायला सोयीची. म्हणून मे छापील अंकावरूनही गिरवता येतो. नक्कल करणारे थेट चार रेघांपासून सुरुवात करतात आणि चित्र पोकळ पडतं. खाली सांगाडाच नसतो. पेन्सिलीने पूर्ण चित्र काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, दर खेपेला रेघा कमी करा.

स्कॅन करताना मे शुद्ध काळ्या-पांढऱ्यात चालतो. कीन मात्र ग्रेस्केलमध्येच, म्हणजे करड्या छटांसह घ्यावा, नाहीतर पातळ शाईच्या रेघा गायब होतात.