आधी कान की आधी तक्ता?

चार-पाच वर्षांच्या लेकराला शब्दाचा पहिला आवाज ओळखायला शिकवायचं, तर भिंतीवरचा अक्षरतक्ता आणावा की नुसते तोंडी खेळ खेळावेत? यावल-रावेरकडच्या आया बालवाडीच्या दारात हे विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी खेळ.

तक्ता स्वस्त, टिकाऊ, वीस-पंचवीस पोरांना एकदम दिसतो. पण तो डोळ्यांना कामाला लावतो, कानांना नाही. एडक्याच्या चित्रावर बोट ठेवलं की आमची पोरं 'मेंढा' म्हणतात. मग 'ए' ऐकू येणार कुठून? 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' यांत तर आवाज शब्दाच्या शेवटी आहे. तक्ता घडाघडा म्हणणाऱ्या पोरीला विचारलं, "बाण कशानं सुरू होतो गं?" ती लगेच म्हणाली, "ण!"

खेळाचं सामान घरातच असतं. ओट्यावर कापूस, कांदा, काकडी आणि भरताचं वांगं मांडा. सावकाश नावं घ्या, विचारा, यातलं वेगळं कोण? पहिल्या दिवशी लेकरू रंगावरून सांगेल. सांगू द्या, पुन्हा नावं घ्या. 'का' पक्का झाल्यावरच केळं आणा, कारण 'का' आणि 'के' यांतला एकच क ऐकणं खूप अवघड. सुटा आवाज ऐकवायला स, म बरे, ते ताणता येतात. क ताणला की मागचा 'अ'च ऐकू येतो.

शिवाय घरची बोली इथे आड येत नाही. डोळ्याला अहिराणीत 'डोया' म्हणणारं मूलही 'डो' बरोबर पकडतं. 'च'ला मात्र जपा. चाक आणि चार, अक्षर एक, आवाज दोन. तक्त्यावर ते एकाच घरात बसतात; मुलानं वेगळे सांगितले तर ते बरोबर आहे, रागावू नका.

मोबाईलवरच्या खेळांत बहुतेकदा बोट लावलं की भागतं, तोंड उघडावंच लागत नाही. मी ते सुचवत नाही.

बरेच दिवस खेळूनही 'पाणी' आणि 'राणी' सारखंच ऐकू येत असेल, तर कान डॉक्टरांना दाखवा.

तक्ता आणायचाच आहे, पण भाजी निवडताना लेकरू आपणहून "मेथी, मिरची... दोन्हीत म्म्म" म्हणेल तेव्हा. त्या दिवशी 'म'चा तेवढाच चौकोन दाखवा.